नंदुरबार स्टेशनावरची लंका

त्या काळी माणूस देवाला जायचा, लग्नाला जायचा, मयताला जायचा, नाहीतर कोर्टात जायचा. नुसतं फिरायला म्हणून आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नसे. त्यामुळे आमचे वकीलसाहेब एकदा जेवता जेवता म्हणाले, “सुट्टीत मी लंकेला जातोय, फिरायला. हिलाही नेतोय,” तेव्हा घरात भाकरी चावायचा आवाजसुद्धा थांबला.

वकीलसाहेब म्हणजे माझे यजमान. पुण्यात शिकून आले आणि नंदुरबारच्या कोर्टात वकिली करू लागले. घर शेतकऱ्याचं, तापीकाठी जमीन, पण राहायचो नंदुरबारात. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, थोरले दीर (आमच्याकडे त्यांना जेठ म्हणतात) आणि आम्ही दोघं. जेठांची बायको बाळंतपणाला माहेरी होती. नणंद गावातच, स्टेशनाच्या अलीकडे राहायची आणि आमच्या घरावर तिथून राज्य करायची.

ह्यांचा एक कॉलेजातला मित्र कोलंबोला चहाच्या कंपनीत चिकटला होता. त्यानं बोलावलं. मुंबईचे आणखी दोन मित्र जाणार होते, मुंबईहून बोटीनं. सासऱ्यांनी घास गिळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “लंकामा एकच बाई गयी व्हती. तिन्हं काय व्हयनं, माहीत शे ना?”

जेठ फिसकन हसले. आमच्या ह्यांना हसणं सहन होत नाही. ते ताडकन म्हणाले, “काही झालं तरी हिला नेणार म्हणजे नेणार.”

आता खरं सांगते. त्या वाक्यावर मी दोन महिने जगले. मला समुद्र बघायचा होता. तापी सोडली तर पाणी म्हणून मी दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही, असं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं आणि मला ते पटत नव्हतं. पाण्याला काठ नाही म्हणजे काय? ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, बास. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं, त्यावरून येता-जाता टोमणे खायची. त्या घरात मी स्वतःसाठी मागितलेली अशी ती एकच गोष्ट. मागितलीसुद्धा नव्हती, आपणहून ताटात वाढली गेली होती.

ह्यांनी बाररूममध्ये सांगितलं, क्लबात सांगितलं, मामलेदारांना सांगितलं. ‘पत्नीला घेऊन परदेश बघायला चाललोय’ म्हटलं की लोक यांच्याकडे वळून बघत. सुधारक नवरा म्हणून नाव झालं. नाव झालं ते झालं, आणि मग माझी शिकवणी सुरू झाली. “शे नाही म्हणायचं, आहे म्हणायचं. करी ऱ्हायनू नाही, करते आहे. माले नाही, मला.” मी भाजी निवडत बसले की हे समोर वर्तमानपत्र धरून बसणार आणि मी चुकले की वर्तमानपत्र खाली करणार. जसं काही लंकेत सगळी सदाशिव पेठच जाऊन राहिली होती. मी शिकले. जिद्दीनं शिकले. आज मी जशी बोलते ती त्या दोन महिन्यांची कमाई. त्यांना वाटतं, त्यांनी दिली. डोंबल दिली, मी घेतली.

मुहूर्ताचं घोडं मग अडलं. बोट ठरलेली, म्हणून गाडीही ठरलेली, शुक्रवारची. जोशीबुवा आले, पंचांग उघडलं आणि तोंड वाकडं केलं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. गाडी सुरतेकडे जाते, म्हणजे पश्चिमेलाच. सासरे म्हणाले, लंका दक्षिणेला, मग गाडीचं तोंड कशाला बघता. जोशीबुवा म्हणाले, दक्षिण ही यमाची दिशा, तिचं तर नावच काढू नका. तास-दीड तास दोघं भांडले आणि हे मधे बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. शेवटी तोड निघाली, की बुधवारी चांगल्या वेळेवर प्रस्थान ठेवायचं.

आताच्या पोरींना प्रस्थान म्हणजे काय ते ठाऊक नसतं. माणसाला चांगल्या दिवशी निघता येत नसेल तर त्याच्या अंगावरचं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ असं गाठोडं बांधून, ज्या दिशेला जायचं तिकडच्या कुणाच्या तरी घरी चांगल्या मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग दिशाशूळ असो की अमावास्या, त्या गाठोड्यापर्यंत जायचं, ते उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. एकच नियम कडक. प्रस्थान ठेवल्यावर वाटेतून घरी फिरायचं नाही. फिरलात तर प्रस्थान मोडलं, आणि मोडलेलं प्रस्थान त्या माणसाला बाधतं.

नणंदेचं घर बरोबर पश्चिमेला. ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण बुधवारी सकाळी स्वतःच म्हणाले, “दे, मीच नेऊन ठेवतो. तुझं वस्त्र कुठलं?” मला बरं वाटलं. मी माझा जांभळा खण दिला, आईनं दिलेला, एकदाही न शिवलेला. ह्यांनी स्वतःचं उपरणं घेतलं. ‘ज्याच्यावाचून प्रवास अडतो ते प्रस्थानात ठेवावं,’ असं जोशीबुवांनी सांगितलं होतं, म्हणून बोटीची तिकिटंही त्यातच बांधली. वकील झाला तरी कुठेतरी भ्यायला असणार, असं मला वाटलं. उगीच प्रेम आलं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीसाठी आम्ही सकाळपासूनच स्टेशनावर. एक ट्रंक, एक होल्डॉल, फराळाचा डबा, पाण्याची सुरई. सासरे ओट्यावरून उठले नाहीत. जेठ शेतावर जातो म्हणून सकाळीच गेले. स्टेशनावर पोचवायला आली ती नणंद, आणि तिच्या गल्लीतल्या चार बायका तमाशा बघायला.

लगेज बाबू म्हणून एक लुकडा माणूस होता, चष्म्यातून वर बघणारा. त्यानं ट्रंककडे बघून वजनकाट्याकडे बोट केलं. आता एवढंसं सामान, मुकाट्यानं ठेवायचं नि मोकळं व्हायचं. पण आमचे वकील. त्यांनी बाबूला नियम सांगितला. बाबूनं त्यांना दुसरा नियम सांगितला. ह्यांनी इंग्रजी काढलं. बाबूनं ह्यांच्यापेक्षा वाईट पण मोठ्या आवाजातलं इंग्रजी काढलं. मी हळूच म्हणाले, “जाऊ द्या ना, ठेवू या काट्यावर.” तर माझ्यावर उखडले, “तुला कुणी विचारलं?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबू इरेला पेटला आणि म्हणाला, आता उघडूनच दाखवा, आत काय नेताय ते.

त्या ट्रंकेत वर माझी लुगडी होती. इस्त्रीची, मधे वाळा घालून घडी केलेली. सगळ्या फलाटासमोर ती एकेक काढून बाकावर ठेवली. हमाल बघतायत, भेळवाला बघतोय, नणंदेच्या गल्लीतल्या बायका पदराला हात लावून ‘हे किती वारी, हे कुठलं’ करतायत. खाली ह्यांच्या धोतरांत काही सापडलं नाही. पण ट्रंक पुन्हा भरताना घडी मोडली, झाकण लागेना, मग हमालाला म्हटलं होल्डॉल आवळ आणि थोडं त्यात कोंब. हमाल होल्डॉलवर गुडघा टेकवून बसला आणि आतून फट्ट झालं.

नणंदेनं आमच्या नकळत होल्डॉलच्या उशीत तिखटाची पुरचुंडी घातली होती. ह्यांनी बजावलं होतं, लंकेत तिखट नेऊन आपली शोभा करायची नाही. पण नंदुरबारची बाई ती, माणसं घराबाहेर पाठवताना तिखट न देता पाठवली तर तिला झोप यायची नाही. पुरचुंडी फुटली. ताजं, त्याच आठवड्यात कुटलेलं तिखट. हमाल शिंकला, बाबू शिंकला, हे शिंकले, भेळवाला ठेला सोडून पळाला. मी पदर तोंडावर घेतला तरी नाकातून धार.

आणि आता खरा घोळ झाला. निघताना एक शिंक आली तर अपशकुन, दोन आल्या तर काही नाही, हे आमच्याकडे पोटातल्या पोराला ठाऊक. नणंद भरल्या डोळ्यांनी मोजत होती. “जोडीनी शिंक बरी ऱ्हास,” ती म्हणाली, “पन ह्या जोडीन्या शेतस की एकल्या?” गल्लीतल्या बायकांत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, तिखटाची शिंक धरत नाहीत. दुसरीचं म्हणणं, शिंक ती शिंक. हे लालबुंद डोळ्यांनी ओरडले, “बंद करा हा मूर्खपणा.” आणि लगेच पुन्हा शिंकले, एकदाच.

तेवढ्यात सिग्नल पडला. ह्यांनी कोटाचे खिसे चाचपले आणि नणंदेकडे हात केला, “आण ते गाठोडं.”

नणंद बघतच राहिली. “कोनतं?”

“प्रस्थानाचं.”

“ते मन्हा घर शे. कुलूप लायेल शे,” ती म्हणाली. “तुम्हीन वाटवर उचली लेशात, आसं माले वाटनं.”

आम्हाला वाटलं, ती स्टेशनावर आणेल. तिला वाटलं, आम्ही तिच्या दारावरून जाताना उचलू. आम्ही आलो ते दुसऱ्या रस्त्यानं, कारण तिच्या गल्लीतून टांगा वळत नाही. बोटीची तिकिटं कुलपात, गाडी सिग्नलला, आणि आमचे सुधारक वकील स्वतःच्या बहिणीला, माझ्या बापाला आणि जोशीबुवांना एका दमात शिव्या घालू लागले. माझ्या बापाचा काय संबंध, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी तसं विचारलं, तर म्हणाले, “तू गप्प बस, तुझ्यामुळेच हे सगळं लोढणं.” लोढणं हा शब्द मी ऐकला. भर दुपारी मनातून थंड झाले. पण समोर गाडी येत होती, म्हणून गिळला.

नणंद टांग्यातून गेली. देवाची कृपा म्हणा, की त्या काळच्या गाड्यांची, इंजिनाला पाणी घ्यायला वेळ लागला. आमचं सामान चढलं. बायकांच्या डब्यात जागा नव्हती, म्हणून ह्यांनी मला आपल्याच डब्यात खिडकीशी बसवलं. मी बसले, बरं का. हे नीट लक्षात घ्या. मी त्या गाडीत बसले होते. लाकडी बाकाची फट मांडीला टोचत होती, खिडकीतून ऊन अंगावर येत होतं, आणि तिखटानं डोळे चुरचुरत असूनसुद्धा मला हसू येत होतं. नणंद धापा टाकत आली, खिडकीतून गाठोडं आत दिलं. मी हात पुढे केला, तर ह्यांनी ते मधल्यामधे ओढून घेतलं, पाठ फिरवून सोडलं, तिकिटं खिशात घातली आणि गाठोडं होल्डॉलच्या मागे कोंबलं. मला वाटलं, अजून राग उतरलेला नाही.

आणि मग फलाटाच्या टोकाकडून जेठ येताना दिसले. धोतर खोचलेलं, पागोटं हातात. ते सरळ आमच्या खिडकीशी आले आणि माझ्या डोक्यावरून भावाला म्हणाले, “बाबान्हा छातीमा दुखी ऱ्हायनं. घामन्या धारा लागेल शेतस. घर कोनी बाईमानूस नही.”

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्याकडे सुनेनं जेठाशी बोलायचं नसतं. पदर ओढून घ्यायचा, वाटेतून बाजूला व्हायचं, आणि काही विचारायचंच झालं तर तिसऱ्या माणसाकडून. लग्न झाल्यापासून मी जेठांशी एक अक्षर बोललेली नव्हते. माझ्या मनात शंभर प्रश्न आले. कधीपासून दुखतंय? वैद्याला बोलावलं का? तुम्ही शेतावर होतात, तुम्हाला कुणी सांगितलं? पण विचारायला तोंड नव्हतं. मी नणंदेला म्हणाले, “तुम्ही विचारा ना, किती दुखतंय.” नणंद इंजिनाकडे बघत राहिली. मला वाटलं, बापाची काळजी वाटून बधिर झाली.

आमचे हे मात्र अजिबात गडबडले नाहीत. मघाशी गाठोड्यावरून थयथयाट करणारा माणूस एकदम शांत झाला. म्हणाले, “तू उतर. बाबांजवळ बाईमाणूस हवं. मी मुंबईला जाऊन मित्रांना गाठतो, तिकिटं बदलून पुढच्या बोटीची घेतो आणि लगेच परततो. मग जाऊ दोघं.”

“सामान?” मी विचारलं.

“आता उतरवायला वेळ आहे का? असू दे, परत आणीनच. किल्ली दे.”

ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला होती. मी ती सोडून दिली. गाठ घट्ट बसली होती, सोडवायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ हे हात पुढे करून उभे होते. मी उतरले. गाडी हलली तेव्हा हे खिडकीशी नव्हते, आत बाकावर बसले होते. माझ्याच जागेवर.

परतताना टांग्यात नणंद आणि मी. जेठ मागून चालत. मी रामरक्षा म्हणत होते. सासरे माझ्याशी सुखानं कधी दोन शब्द बोललेले नव्हते, तरी म्हणत होते. माणूस मरायला टेकल्यावर त्याचे टोमणे कोण मोजतो? आणि मनात दुसरी भीती, की मी वाटेतून घरी फिरले. माझं प्रस्थान मोडलं. हे पुढे गेले, त्यांचं शाबूत. मोडलं ते माझं एकटीचं.

घरी पोचले तर सासरे ओट्यावर बसून कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खात होते. बोटं चाटून वर बघितलं आणि म्हणाले, “का वं, गाडी चुकनी का?”

मी तिथेच उभी राहिले. “तुमच्या छातीत दुखत होतं ना?”

“मन्ही छाती? मन्ही छातीले काय व्हयनं?”

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. जेठ मागून अंगणात शिरत होते. मी वळले, पदर खांद्यावरून सोडला आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेठांशी बोलले. तोंडाला येईल ते बोलले. “तुम्ही खोटं बोललात. स्वतःच्या बापाला मरणाच्या दारात नेऊन बसवलंत, ते कशासाठी? मी समुद्र बघितला असता तर तुमचं काय जळत होतं? तुमच्या जिभेला काही हाड आहे का नाही?” सासऱ्यांच्या हातातला घास हातातच राहिला. शेजारणी भिंतीवरून डोकावल्या. मला कसलीच लाज वाटत नव्हती. “मला वाटेतून फिरवलंत. माझं प्रस्थान मोडलंत. आता माझं जे वाईट होईल ते तुमच्या माथी.”

जेठ खाली बघत उभे. नणंदेला माझी दया आली असावी. ती स्वभावानं तशी दुष्ट नव्हती, नुसती भावाच्या बाबतीत आंधळी होती. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तू मनमा काही आनू नको. तुले काही बाधाव नही. तुन्हं परस्थान मोडनंच नही. ते ठेवेलच नव्हतं.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “माझा खण?”

“तो त्यानी माले दिन्हा. शिवी ले म्हने. तिन्हं ठेवानी गरज नही, म्हने.”

बुधवारी सकाळी. म्हणजे बुधवारी सकाळीच ठरलेलं होतं. मी शुक्रवारपर्यंत लुगड्यांना इस्त्री करत होते, आरशासमोर ‘मला समुद्र पाहायचा आहे’ हे वाक्य घोकत होते, आणि माझा खण नणंदेच्या शिंप्याकडे गेलेला होता.

मग जेठांना कंठ फुटला. त्यांनी पागोटं झटकलं आणि माझ्याकडे न बघता, पण मला उद्देशून, म्हणाले, “माले त्यानीच सांगेल व्हतं. लोकस्ना समोर नही कशे म्हनू, म्हने. तू टेसनवर ये आनि आसं बोल.”

म्हणजे नेणार नाही, हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. बाररूममध्ये ‘पत्नीला नेतोय’ म्हणून जो मान मिळवला तोही सोडायचा नव्हता. मग मधला रस्ता काढला. पत्नी निघाली होती, सर्वांनी गाडीत बसलेली पाहिली होती, पण सासऱ्यांच्या आजारपणामुळे बिचारीला परतावं लागलं. वकिलाचं डोकं. जेठाशी सून बोलू शकत नाही, हेसुद्धा त्यानं हिशेबात धरलं होतं. मी जेठांवर उगीच तोंडसुख घेतलं असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही. भावानं सांगितलं म्हणून बापाच्या छातीत कळ आणणारा माणूस तेवढं ऐकून घ्यायच्या लायकीचाच होता.

सासऱ्यांनी हातातला घास तोंडात टाकला आणि म्हणाले, “बरं व्हयनं. लंकाले काय जानं?” आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला, भरून आणायला. मी तो भरला नाही. नणंदेनं भरला.

हे आले महिन्याभरानं. काळे होऊन, तब्येत सुधारून. चहाचे पुडे, नारळाच्या करवंटीच्या डब्या, माझ्यासाठी शिंपल्यांची माळ. ट्रंकेतली माझी लुगडी जशीच्या तशी होती, फक्त त्यांना खाऱ्या दमट हवेचा वास येत होता. मी ती दोनदा धुतली. माळ घेतली नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “अगं, तिघांपैकी एकाचीही बायको येणार नव्हती. तुलाच अवघडल्यासारखं झालं असतं.” माझ्या अवघडण्याची काळजी त्यांना अशी कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, “मग तसं सांगायचं होतं.” ते म्हणाले, “तू ऐकलं नसतंस.” हे मात्र खरं होतं. मी ऐकलं नसतं.

त्यानंतर संसार झाला. पोरं झाली, जमिनी वाढल्या, ह्यांची वकिलीही वाढली. भांडण म्हणून मी एकदाही केलं नाही. वकिलाशी भांडण करून काय मिळणार, तो तारीख मागून घेतो. पण मी त्यांना माफही केलं नाही, आणि हे त्यांनाही माहीत होतं. माणसं म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग. एवढीशी कुणासाठी? ज्याची बोट चुकली नाही त्याच्यासाठी.

मला खरा संताप यायचा तो वेगळाच. हे लोकांना लंकेच्या गोष्टी सांगायचे. आणि सांगताना ‘मी’ म्हणायचे नाहीत. वकील माणूस, स्वतःला ‘आम्ही’ म्हणायची सवय. ‘आम्ही लंकेला गेलो होतो तेव्हा’ असं सुरू झालं, की ऐकणारे माझ्याकडे बघून हसायचे, जणू मीही शेजारी उभी होते. हे ते दुरुस्त करत नसत. वर्षं गेली, आणि गावात निम्म्या लोकांना खरंच वाटू लागलं की वकीलणबाई लंका बघून आल्या आहेत. मीही चहा ठेवून आत निघून जायची. चारचौघांत काय बोलायचं?

मग एकदा नवे मुन्सफ बदलून आले आणि बायकोला घेऊन आमच्याकडे चहाला आले. बाई कोकणातली, सरळ, खिडकीशी बसलेली. हे रंगात आले. “आम्ही लंकेला गेलो होतो तेव्हा तिसऱ्या दिवशी समुद्र असा खवळला, की बोट नुसती पाळण्यासारखी.” ती बाई माझ्याकडे वळली आणि अगदी आपुलकीनं म्हणाली, “तुम्हाला बोट लागली असेल ना हो? पहिल्यांदा फार त्रास होतो.”

माझ्या हातात बशी होती. मी ती खाली ठेवली.

“मी नव्हते,” मी म्हणाले. “मला इथल्याच स्टेशनावरून परत पाठवलं. सासऱ्यांच्या छातीत दुखतंय असं खोटं सांगून.”

मुन्सफांनी कप ओठाजवळ नेलेला तसाच धरला. ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “चहा गार होतोय.”

“म्हणजे तुम्ही समुद्र पाहिलाच नाही?” बाईंनी विचारलं. त्यांना ते खरंच समजत नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “का नाही, ते ह्यांना विचारा.”

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आयुष्यभर भर कोर्टात बोललेला माणूस, त्या दिवशी त्यांनी कपातला चहा संपेपर्यंत मान वर केली नाही.